दगडाचा डोळा

यल्लप्पा धोत्रे दुकानात आला तेव्हा
भद्रकालीतली वीज गेली होती.
खिशातून त्याने पेपरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
"पाथर्डीकडच्या खाणीत घावलं.
आतून पाण्यासारखं हाय, ताई."

तपासायच्या कार्डावर ग म ल र न.
मी तो तुकडा अक्षरांवर ठेवला,
ग चे दोन ग झाले,
म चे दोन म, केसभर सरकून,
जसं एखाद्याने चुकलेलं न खोडता
शेजारीच पुन्हा लिहावं.
कॅल्साइट, मी म्हटलं.
चुन्याच्याच घरातला, जरा शिकलेला.

झूऑलॉजी मी दोनच वर्षं शिकले.
तिसऱ्या वर्षी लग्न, मग हे दुकान, हा नंबर, ती फ्रेम.
राहिलाय तो शिंगणे सरांचा फळा
आणि त्यांचा खोकला.
बावन्न-चोपन्न कोटी वर्षं मागे चला, सर म्हणायचे,
जसं काही सीबीएसवरून रिक्षाच करायची आहे.

समुद्र.
तळाच्या चिखलावर धरलेली साय.
सायीवर पडून असलेले जीव,
पानासारखे, पोळीसारखे, ना तोंड ना पाठ,
कुणी कुणाच्या फारसं वाटेला जात नव्हतं.
आणि मग घाई झाली.
(दगडांच्या हिशेबात घाई म्हणजे दोनेक कोटी वर्षं.)
पाय फुटले. कुणाला चौदा, कुणाला मोजता न येण्याइतके.
जबडे आले, म्हणून कवचं आली,
कवचं आली म्हणून आणखी जबडे.
चिखल उकरून बिळं केली कुणी, ती साय
कायमची फाटली.
एकाला पाच डोळे आणि पुढे सोंड,
त्याचं चित्र पहिल्यांदा दाखवलं तेव्हा
भरल्या सभेत शास्त्रज्ञ हसले म्हणे.
एक काट्यांवर चालतो असं वाटून
सगळ्यांनी त्याला उलटा काढला.
माझ्या वहीत तो अजून उलटाच आहे.
एक रिबिनीएवढा, पाठीत नुसती दोरी,
कुणाच्या नजरेत न भरता पोहत गेला.
तो आपल्याकडचा.

आणि एकाने, बारक्या तीनपदरी किड्याने,
डोळ्यांना भिंगं बसवली.
मऊ नाहीत, ओली नाहीत.
दगडाची. या दगडाची.

यल्लप्पाने तुकडा परत हातात घेतला,
उजव्या डोळ्यासमोर धरून
रस्त्यावरची एक हातगाडी दोनदा पाहिली.
"मग त्यो किडा आमच्या खाणीत घावंल का?"

नाही घावणार.
आपला दगड कालचा. साडेसहा कोटींचा लाव्हा.
पांडवलेणीचा डोंगर फोडला, रामशेज फोडला
तरी एक शिंपलं निघणार नाही आत.
आपल्या दगडात कुणी जगलं नाही, मेलं नाही,
नुसते बुडबुडे राहिले,
आणि बुडबुड्यांत पाणी झिरपत, झिरपत
हे असं बसलं.
डोळ्याचं सामान. डोळा नाही.

तो जरा वेळ गप्प.
मग डाव्या पापणीवर बोट ठेवलं,
ती आत गेलेली, शिवल्यासारखी.
"सुरुंगाची कपची येताना दिसली.
दिसली म्हणून मी वळलो.
वळलो म्हणून एकच गेला.
आंधळा असतो तर भ्यालो नसतो,
आन दोन्ही गेलं असतं."

शिंगणे सरांनी हे फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं:
पहिल्यांदा कुणी कुणाला येताना पाहिलं,
त्या क्षणी पाण्यात काय काय वळलं असेल.

वीज आली. पंखा फिरला,
कार्ड उडून खाली पडलं.
मी उजव्या डोळ्याचा नंबर लिहिला, अधिक दोन.
पेन थांबलं.
डाव्या काचेला काय टाकू, धोत्रे?

"त्योच टाका," तो म्हणाला.
"जोडी दिसली पायजे."

पैसे पुरे दिले. तुकडा न्यायला विसरला,
की विसरला नाही, कळलं नाही.
आता तो पावतीपुस्तकावर असतो.
त्याच्याखाली आजची तारीख
दोनदा.